एसी खिडकीत, घरमालकाचे हात वर

अमेरिकेत सगळं कसं नियमानं चालतं, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी एक सोपा कार्यक्रम सुचवतो. जून-जुलैमध्ये न्यूयॉर्कला या. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला आपल्या देशी दुकानांतून भाजी, पीठ, मिठाई काय घ्यायची ती घ्या, आणि मग मागच्या गल्लीत जाऊन जरा मान वर करून बघा. पाच-सहा मजली विटांच्या जुन्या इमारती आणि खिडक्या-खिडक्यांतून बाहेर लोंबणारे एसी. 'लोंबणारे' हा शब्द मुद्दाम वापरतोय. काहींच्या खाली लोखंडी ब्रॅकेट दिसेल. काहींच्या खाली विटेचा तुकडा, लाकडाची फळी, भाजी चिरायचा पाट, किंवा टेलिफोन डिरेक्टरीच्या जमान्यातलं एखादं फुगलेलं पुस्तक. आणि बऱ्याच जणांच्या खाली काहीच नाही. नुसती हवा, त्या हवेच्या तळाला फूटपाथ, आणि फूटपाथवरून बाबागाडी ढकलत चाललेली कुणाची तरी आई.

हेच दृश्य गिरगावात दिसलं असतं तर "आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही" हे वाक्य दुसऱ्या सेकंदाला तुमच्या (आणि माझ्याही) तोंडून बाहेर पडलं असतं. पण हे न्यूयॉर्क आहे, आणि हे एसी लावणारे काही फक्त देशी नाहीत. चिनी, बांगलादेशी, कोलंबियन, चार पिढ्या इथेच गेलेले आयरिश... सगळे आहेत. तेव्हा हा प्रश्न रक्तातल्या शिस्तीचा नसावा, अशी शंका यायला हरकत नाही. माझं मत त्याच्याही पुढचं आहे. हा प्रश्न भाडेकरूच्या निष्काळजीपणाचा नाहीच मुळी. घरमालकांनी आणि शहरानं मिळून पंचवीस किलोचं यंत्र भाडेकरूच्या हातात दिलंय आणि "पाडू नकोस हं" असं बजावून स्वतःचे हात वर केलेत.

आता तुम्ही म्हणाल, खिडकीत एसी बसवण्यात एवढं काय आहे? आमच्याकडे सुतार येतो, चौकट ठोकतो, खाली लोखंडी अँगल मारतो, झालं. बरोबर आहे, आणि इथेच सगळी मेख आहे. आपल्याकडे विंडो एसी एकदा बसला की बसला. भिंतीत भोक, त्यात लाकडी चौकट, खाली अँगल. तो बिघडेपर्यंत किंवा स्प्लिट एसी घेईपर्यंत तिथून हलत नाही. इथे तो दर वर्षी बसतो आणि दर वर्षी निघतो. मे अखेरीस कपाटातून बाहेर काढायचा, खिडकीत ठेवायचा, ऑक्टोबरात थंडी सुरू झाली की पुन्हा कपाटात. कारण खिडकीत एसी तसाच राहिला तर फटींतून हिवाळा घरात येतो. म्हणजे दहा वर्षांत एकच यंत्र वीस वेळा खिडकीच्या कडेवर उभं राहणार, आणि ते तिथे धरून ठेवणारे हात तुमचे.

(उपनगरांतल्या घरांत ही भानगड नाही. तिथे सगळ्या घराला मिळून एक सेंट्रल एसी असतो. पण न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया अशा जुन्या शहरांतल्या इमारती वाफेच्या रेडिएटरच्या काळातल्या. त्यांच्यात हवा खेळवायचे डक्ट नाहीत. म्हणून खिडकी. विनोद असा, की विलिस कॅरिअर यांचं पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र १९०२ साली याच शहरात, ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी तयार झालं. कागद दमट होऊन शाई सरकू नये म्हणून! कागदाची काळजी सव्वाशे वर्षांपूर्वी घेतली गेली. माणसांचं अजून चाललंय.)

तर खिडकी. इथली जुनी खिडकी आपल्यासारखी बाजूला उघडत नाही की सरकत नाही. तिच्यात काचेच्या दोन चौकटी एकावर एक असतात आणि त्या वर-खाली सरकतात. खालची चौकट वर उचलायची, मोकळ्या जागेत एसी खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा, तोंड घरात, पाठ बाहेर, आणि चौकट खाली ओढून एसीच्या डोक्यावर टेकवायची. एसीच्या वरच्या बाजूला पत्र्याची बोटभर उंचीची एक उभी पट्टी असते. चौकट त्या पट्टीच्या पलीकडे, म्हणजे बाहेरच्या अंगाला उतरते आणि पट्टी तिला आतून अडकते. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत हार्मोनियमच्या भात्यासारखे प्लॅस्टिकचे पडदे ओढायचे, दोन-चार स्क्रू मारायचे, फोमची पट्टी कोंबायची. माहितीपुस्तिकेच्या मते काम संपलं. बाहेरच्या आधाराबद्दल साधारण असं एखादं वाक्य असतं, की तुमच्या गावच्या नियमाप्रमाणे ब्रॅकेट लागू शकतं, ते खोक्यात नाही, वेगळं घ्या. वा!

आता आठवीच्या विज्ञानातली तरफ आठवा. एसीतले सगळ्यात जड भाग, कॉम्प्रेसर आणि बाहेरची कॉइल, मागे असतात, म्हणजे खिडकीबाहेर. कठड्याची बाहेरची कड हा टेकू. गुरुत्वमध्य त्या टेकूच्या बाहेर, समजा दहा सेंटिमीटर. मधल्या आकाराचा, आठ हजार बीटीयूचा (म्हणजे आपल्या भाषेत पाऊण टनाच्या जरा खालचा) एसी साधारण पंचवीस किलोचा असतो. तो बाहेर कलंडू बघतो. त्याला कोण अडवतं? ती पट्टी आणि ती काचेची चौकट. हिशेब केला तर पस्तीस सेंटिमीटर उंचीवर चौकटीला लागणारा आडवा ओढा येतो जेमतेम सात किलोचा. म्हणजे फार नाही! चौकट धड असेल तर हा ओढा ती सहज पेलते. म्हणूनच हजारो एसी वर्षानुवर्षं खाली काहीही नसताना टिकून राहतात, आणि म्हणूनच प्रत्येक इमारतीत "अहो सहा वर्षं असाच आहे, काही होत नाही" असं सांगणारा एक तरी अनुभवी गृहस्थ भेटतो.

गृहस्थ खोटं बोलत नाहीत. ते अर्धंच सांगतायत. त्यांचा एसी सहा वर्षं पडला नाही, कारण सहा वर्षं कुणी ती चौकट वर केली नाही. ती चार बोटं वर गेली की पट्टी सुटते, आणि मग सात किलोचा ओढा धरणारं जगात कुणीही उरत नाही. चौकट कोण वर करेल? उकडतंय म्हणून खिडकी उघडायला गेलेला पाहुणा. चार वर्षांचं पोर. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, ज्यांना ही वर-खाली सरकणारी खिडकी माहीतच नाही. नाहीतर तुम्ही स्वतः, ऑक्टोबरात, एसी काढायला. एका हातानं चौकट वर करायची आणि दुसऱ्या हातानं बाहेर झुकलेलं पंचवीस किलोचं धूड धरायचं. पुस्तिकेत "दोन माणसांनी करा" असं लिहिलेलं असतं. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईनं दुसरा माणूस कुठून आणायचा, ते लिहिलेलं नसतं.

पाचव्या मजल्याच्या खिडकीतून (अमेरिकन पाचवा, म्हणजे आपला चौथा) सुटलेलं यंत्र साधारण दीड सेकंदात रस्त्यावर येतं, आणि पोचतं तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या वर असतो. "अहो बाजूला व्हा" एवढं ओरडायलाही तेवढा वेळ पुरत नाही.

इथे बाहेरच्या ब्रॅकेटचं खरं काम कळतं. पुष्कळांना वाटतं ब्रॅकेट वजन पेलायला असतं. वजन तर कठडाही पेलतो. ब्रॅकेट टेकूची जागा बदलतं. टेकू गुरुत्वमध्याच्या बाहेर नेला की एसी आपल्या बुडावर बसतो, चौकट वर झाली तरी बसून राहतो. म्हणजे यंत्राची सुरक्षितता खिडकी बंद असण्यावर अवलंबून राहत नाही. बस, एवढंच. "आधाराशिवाय सुरक्षित" बसवायचं म्हणजे हेच काम आतून करून दाखवायचं. "मग एसी जरा आत ओढून घ्या की" हा सल्ला देणाऱ्यांनी एसीच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्या बघाव्यात. त्यांतून बाहेरची हवा आत खेचली जाते. त्या घरात आल्या तर यंत्र गुदमरतं.

मला भारतातून नव्यानं आलेली मुलं दर उन्हाळ्यात विचारतात, "काका, बाहेर ब्रॅकेट न लावता एसी बसवता येईल का?" तर येतो. लहान असेल तर. पाच हजार बीटीयूचा, अठरा-एकोणीस किलोचा. खिडकीचा कठडा आधी जाड स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघायचा. लाकूड भुसभुशीत लागलं तर विषय तिथेच संपला. चौकट सरळ, घट्ट, मधे न लचकणारी हवी. नव्या पोकळ प्लॅस्टिकच्या चौकटीत स्क्रू धरेल की नाही ते आधी बघावं. मग खोक्यातली वरची पट्टी चौकटीला स्क्रूनं आवळायची, खालची पट्टी कठड्याला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला पाच मिनिटं आणि एक-दोन डॉलर लागतात: खालची चौकट वर जाताच कामा नये. वरच्या बाजूला दोन्ही कडांना लोखंडी एल-अँगल, शिवाय खालच्या चौकटीच्या माथ्यापासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत मापात कापलेली लाकडी पट्टी घट्ट बसवायची. पोराला, पाहुण्याला, कुणालाही ती चौकट हलवता येता कामा नये. उतार बाहेरच्या बाजूला, पुस्तिकेत दिला असेल तेवढाच, म्हणजे पाणी बाहेर जाईल. पाचर मारायचीच तर गंजणारी किंवा कुजणारी नको, आणि नुसती सरकवलेली तर नकोच नको. कंप्रेसरच्या थरथरीनं सैल पाचर महिन्याभरात आपली आपण चालू लागते. स्क्रूसुद्धा ढिले होतात, ऑगस्टमध्ये एकदा आवळावेत.

(पाणी बाहेर जाण्याची गोष्ट किरकोळ वाटते, पण मायडिया या मोठ्या कंपनीला तिचे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे सुमारे १७ लाख खिडकी-एसी जून २०२५ मध्ये अमेरिकेत परत बोलवावे लागले, ते आत पाणी साचून बुरशी धरू शकते म्हणून. तेव्हा उताराची थट्टा नको.)

आणि बसवताना आणि काढताना दोन माणसं. हे सगळं केलं, तरी मी सांगेन, की खाली तुमची स्वतःची बाग असेल, तळमजला असेल, दुसऱ्याच्या डोक्याचा प्रश्न नसेल तिथेच हे करा. पाचव्या मजल्यावर, खाली फूटपाथ असताना नाही. तिथे टेकू बाहेर हवा. न्यूयॉर्क शहराच्या इमारत खात्याच्या सूचनाही हेच सांगतात: खालून धातूचा आधार, तो इमारतीला पक्का केलेला, विटा, फळ्या, पुस्तकं असल्या सुट्या वस्तूंचा टेकू नाही, खिडकी चुकून उघडली जाणार नाही अशी व्यवस्था, आणि आगीच्या जिन्याकडे उघडणाऱ्या खिडकीत एसी अजिबात नाही.

सूचना उत्तम आहेत. एकही शब्द बदलायला नको. पण त्या कुणाला उद्देशून आहेत, ते बघा. मी पूर्वी ज्या घरात भाड्यानं राहायचो, तिथल्या करारात दोन कलमं होती. एक: भिंतीला, खिडकीच्या चौकटीला, कठड्याला कुठेही भोक पाडायचं नाही, पाडल्यास डिपॉझिट गेलं. दोन: एसी लावल्यास तो सुरक्षित आणि शहराच्या नियमाप्रमाणे बसवण्याची सर्वस्वी जबाबदारी भाडेकरूची. दोन्ही कलमं एकाच पानावर! म्हणजे स्क्रू मारायचा नाही, पण यंत्र पक्कं हवं. ही अशी कलमं सर्रास असतात, माझे घरमालक काही खास दुष्ट नव्हते. मी त्यांना फोन करून विचारलं, तर म्हणाले, "खिडकी घट्ट बंद करा, पुरे आहे." लिहून द्या म्हटल्यावर एकदम घाई लागली त्यांना.

मग भाडेकरू काय करणार? तो अशा वस्तू शोधतो ज्यांच्यावर "भोक न पाडता" असं लिहिलेलं असतं. कठड्यावर आडवा दांडा, बाहेर तिरपा पाय, तो बाहेरच्या भिंतीला टेकतो आणि दाबानं उभा राहतो. चांगल्यापैकी ब्रॅकेट असतं, काही नाही त्यापेक्षा शंभर पटींनी बरं. पण ते बसवायला पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर कोण झुकणार? तोच. सॉफ्टवेअरवाला, नर्स, टॅक्सी चालवणारा. रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचवायला आपला टांगणीला लावायचा. हे काम ज्याला येतं, ज्याच्याकडे पट्टा आणि दोर आहे, अशा माणसाकडून ते एकदा आणि कायमचं करून घेण्याची ऐपत आणि अधिकार ज्याच्याकडे आहे तो घरमालक, आणि तो या चित्रात कुठेच नाही. काही झालं तर नोटीस मात्र खिडकीच्या दोन्ही बाजूंना जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

"शहर तपासत नाही का?" तपासतं ना. पण कुठे, ते ऐका. १९७९ मध्ये ब्रॉडवेवर एका इमारतीचा तुकडा पडून बर्नार्ड कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली ग्रेस गोल्ड ही मुलगी गेली. त्यातून १९८० चा स्थानिक कायदा क्रमांक १० आला, पुढे १९९८ चा क्रमांक ११. सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींच्या दर्शनी भागाची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी, आणि त्यात खिडकीतले एसीसुद्धा बघायचे असतात. फार चांगला कायदा. फक्त "सहा मजल्यांपेक्षा उंच". बरोबर सहा मजली किंवा त्याहून कमी असेल तर ही तपासणी नाही! आणि न्यूयॉर्कमध्ये लिफ्ट नसलेल्या, चार-पाच मजली, जुन्या, स्वस्त इमारती, जिथे नवा आलेला माणूस राहतो, जिथे कठड्याचं लाकूड सगळ्यात कुजकं आणि एसी सेकंडहँड, त्या बरोबर या रेषेच्या खाली बसतात. इमारत सुरक्षित ठेवायची घरमालकाची सर्वसाधारण जबाबदारी तिथेही आहेच, पण वर मान करून बघायला ठरलेल्या दिवशी कुणी येत नाही. गुरुत्वाकर्षण मात्र पाचव्या मजल्यावरही चालू असतं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. हे या शहराला जमत नाही असं नाही. याच शहरानं, याच खिडक्यांवर, हे आधी करून दाखवलंय. १९७० च्या दशकात इथे लहान मुलं खिडक्यांतून पडून मरत होती. शहराच्या आरोग्य खात्यानं 'चिल्ड्रन कान्ट फ्लाय' नावाची मोहीम काढली, घराघरांत जाऊन खिडक्यांना गज बसवले, पडण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. मग १९७६ मध्ये नियम केला: तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीत दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल, तर खिडक्यांना गज बसवायचे, आणि ते घरमालकानं बसवायचे. आई-बापांनी नाही. आजही दर वर्षी जानेवारीत घरमालकाचं पत्र येतं, घरात दहा वर्षांपर्यंतचं मूल आहे का, गज हवेत का. तेव्हासुद्धा "आपलं पोर आपण सांभाळावं, मालकाला कशाला भुर्दंड" म्हणणारे असणारच. पण कुणीतरी सरळ विचार केला, की खिडकी इमारतीची आहे, इमारत मालकाची आहे, तेव्हा खिडकीला लोखंड मारणं हे मालकाचं काम.

मग त्याच खिडकीला, त्याच कठड्याखाली, दोन लोखंडी अँगल कायमचे बसवायला काय हरकत आहे? गजांसाठी माणूस येतो, त्याच्याकडे ड्रिल असतं, तो नोंद ठेवतो. मूल वरून पडू नये म्हणून जो नियम आहे, तोच मुलावर काही पडू नये म्हणून का नसावा?

दुसरं उदाहरण हीटचं. या शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे घरमालकानं घर गरम ठेवायचं. दिवसा बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की आत किमान ६८, रात्री किमान ६२. (आपल्या सेल्सियसमध्ये २० आणि साधारण १७.) नाही ठेवलं तर तक्रार, दंड. कारण थंडीनं माणूस मरतो हे सगळ्यांना पटलेलं आहे. उकाड्यानं मरतो हे अजून पटायचंय. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं गेली, त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं किती होती यावर एरिक क्लिनेनबर्ग यांनी आख्खं पुस्तक लिहिलंय. न्यूयॉर्कचं आरोग्य खातंही वर्षानुवर्षं सांगतंय, की उष्माघातानं मरणारे बहुतेक घरातच मरतात, आणि त्या घरात चालू एसी नसतो. म्हणजे एसी ही आता पंखा-कूलरच्या वरची चैन उरलेली नाही. तरी भाड्याच्या घरात शेगडी आणि फ्रिज मालकाचा, आणि एसी तुझा, तूच आण, तूच टांग.

यावर काहींचं उत्तर तयार असतं: बंदी घाला. टोरांटोत तेच झालं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या सरकारी भाड्याच्या घरांपैकी एका इमारतीच्या आठव्या मजल्यावरून खिडकीतला एसी पडला आणि खाली बाबागाडीतली दोन वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर त्या संस्थेनं आपल्या इमारतींतले खिडकीतले एसी काढून त्यांच्या जागी जमिनीवर ठेवायचे एसी द्यायला सुरुवात केली. त्यांची तळमळ मी समजू शकतो, आणि निदान त्यांनी बदली यंत्र स्वतः दिलं. पण इथले खासगी घरमालक यातलं पहिलं अर्धं फार आनंदानं उचलतात. "एसीला बंदी." पुढचं अर्धं गायब. शिवाय एका नळीचा जमिनीवरचा एसी म्हणजे घरातलीच गार केलेली हवा नळीतून बाहेर फेकायची आणि तेवढीच गरम हवा दाराच्या फटींतून आत घ्यायची. वीज जास्त, आवाज जास्त, गारवा कमी, आणि बिल पुन्हा भाडेकरूचं. ऑरेगनमध्ये उलटं पाऊल पडलं. जून २०२१ अखेरच्या लाटेत पोर्टलंडच्या मल्टनोमा काउंटीत साठाहून जास्त माणसं गेली, आणि २०२२ मध्ये त्या राज्यानं कायदा केला, की घरमालकाला भाडेकरूचा असा एसी सरसकट नाकारता येणार नाही. पडणार नाही असा बसवा, बाहेर पडायची वाट अडवू नका, अशा अटी घालता येतील. नाकारता येणार नाही, हे उत्तम. पण बसवणार कोण, हा माझा प्रश्न तिथेही उरतोच.

खर्च परवडत नाही म्हणावं, तर मे २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, न्यूयॉर्कनं गरीब वृद्धांसाठी ७४,००० एसी द्यायची घोषणा केली, आणि ते घरी जाऊन बसवून देण्यासकट. सगळं शहर बंद असताना हे सुचलं आणि जमलं. एरवी मात्र दोन अँगल मारायला माणूस मिळत नाही.

तुम्ही तिकडे बसून हे वाचताना हसू नका हं. आपल्याकडे विंडो एसी मागे पडले, पण स्प्लिटचं बाहेरचं युनिट बाहेरच असतं. चौदाव्या मजल्यावर गॅस भरायला आलेला मेकॅनिक हातभर रुंदीच्या छज्ज्यावर उभा राहतो, कमरेला पट्टा नाही, एक हात ग्रीलला. बिल्डरनं युनिटसाठी जागा ठेवलेली नसते, सोसायटी म्हणते फ्लॅटधारकाचं काम, फ्लॅटधारक म्हणतो कंपनीचं काम, कंपनी म्हणते आमचा माणूस नाही, कंत्राटदाराचा. तिथे जे युनिट खाली येत नाही, त्याबद्दल आपण देवाचे आणि त्या मेकॅनिकच्या पायांच्या बोटांचे आभार मानतो. इथली टोलवाटोलवी तशीच, फक्त ती करारपत्रावर छापलेली असते.

आणि मुळात बाहेर आधारच लागू नये, असं यंत्र करता येतं. घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकतात ना, तसं ते कठड्यावर बसतं. एक भाग घरात खाली लोंबतो, दुसरा बाहेर, आणि दोघांना जोडणारी मान कठड्यावर. जड भाग कठड्याच्या पातळीखाली, वजन दोन्हीकडे, त्यामुळे कलंडायला जीव उरत नाही, आणि खिडकीच्या चौकटीवर सगळी भिस्तही नाही. सरकारी भाड्याची घरं चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या गृहनिर्माण संस्थेनं २०२२ मध्ये राज्याच्या मदतीनं अशा तीस हजार यंत्रांची मागणी मायडिया आणि ग्रेडियंट या दोन कंपन्यांकडे नोंदवली, सात कोटी डॉलरची. २०२३ मध्ये क्वीन्सच्याच वूडसाइड हाउसेसमध्ये चोवीस घरांत पहिली बहात्तर बसली. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम, म्हणजे ऑक्टोबरात काढायचीच नाहीत. बसवण्याची व्यवस्था संस्थेची. तिथल्या भाडेकरूला कुणी स्क्रूड्रायव्हर दिला नाही.

जॅक्सन हाइट्सहून वूडसाइड फार लांब नाही. पण खासगी घरमालक शेजारचं बघून शहाणे होतील याची वाट बघण्यात पुढचे तीन-चार उन्हाळे जातील. तोवर नवीन येणाऱ्यांना माझं सांगणं: करारावर सही करण्याआधी, नंतर नाही, मालकाला ईमेल लिहा. कुठल्या खिडकीत एसी लावायचा, तिच्याखाली आधार कोण आणि कधी बसवणार, कठड्यात स्क्रू मारायची परवानगी आहे का, एवढे तीन प्रश्न. तोंडी "हो हो" चालणार नाही. आणि उत्तर आलं नाही तर तेच पत्र, तारखेसकट, शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार करताना जोडा.